पिन कोडचा फेरा

यंत्रमागाच्या गाळ्याबाहेर ताग्यांचा गठ्ठा पडलाय. त्यावर मार्करने खरडलेला पत्ता, शेवटी ‘भिवंडी ४२१३०८’. या सहा आकड्यांची बेरीज करा: १८. आता त्या संख्येलाच १८ ने भागा. उत्तर २३,४०६, बाकी शून्य! अशा संख्येला देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटलं. भिवंडीच्याच दुसऱ्या पिनच्या, ४२१३०२ च्या नशिबी ते नाही. बेरीज १२, भागलं की सहा उरतात.

कापरेकर जन्माने डहाणूचे, शाळा ठाण्यात, म्हणजे तसे आपलेच. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. कोणतेही चार आकडे घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा. गाडी ६१७४ वरच थांबते.

तोच खेळ आपल्या पिनवर केला. ८४३२१० वजा ०१२३४८, म्हणजे ८३०८६२. पुढे ८६२६३२. मग ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२... आणि परत ८६२६३२! सहा आकडी संख्या कधी ५४९९४५ वर, कधी ६३१७६४ वर विसावतात. भिवंडीचा हा पिन मात्र सातांच्या फेऱ्यात अडकला. माग एक वेळ बंद पडेल, हा पडणार नाही.