पोकर शिकवणारा यंत्रखेळाडू

जानेवारी २०१७. पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत चार कसलेले पोकरपटू वीस दिवस एका प्रोग्रॅमशी झुंजले. १,२०,००० डाव झाले आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस सतरा लाख डॉलरांहून अधिक किमतीच्या चिप्सनी जिंकला. दिवसा खेळाडूंनी हेरलेल्या फटी तो रात्रीतून बुजवायचा!

२०१९मध्ये प्लुरिबस या दुसऱ्या प्रोग्रॅमने सहा जणांच्या टेबलावरही बाजी मारली. माणसांचे डाव न पाहता, स्वतःच्याच प्रतींशी खेळून तो शिकला होता.

मागच्या फेरीत नुसता कॉल देऊन पुढची फेरी स्वतःच बेट लावून सुरू करणं अनुभवी खेळाडू सहसा टाळतात. प्लुरिबस मात्र ही चाल माणसांपेक्षा जास्त वेळा खेळला. सॉफ्टवेअरसोबत सराव करणाऱ्यांनी अशाच जागी थांबून प्रत्येक बेटचं कारण शोधावं.