धावपट्टीच्या आड आलेलं सानरिझुका

टोकियोपासून साठेक किलोमीटरवरचं नारिता मुळात देवस्थानाचं गाव. इ.स. 940 मध्ये स्थापन झालेलं शिनशोजी हे इथलं मंदिर फुदो म्योओचं, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या अचलाचं. देवळाकडे जाणाऱ्या उतरत्या रस्त्यावर दुतर्फा कोळशावर भाजलेल्या वामची दुकानं आहेत आणि गर्दी बारमाही असते. पण आज नारिता म्हटलं की बहुतेकांना विमानतळच आठवतो. तो ज्या जमिनीवर उभा आहे ती देवळाच्या आग्नेयेला, सानरिझुका नावाच्या पठारावर. या विमानतळाचा नकाशा नीट पाहिला, तर तो कोण्या एका अभियंत्याने काढलेला वाटत नाही. त्यातली निम्मीअधिक वळणं शेतकऱ्यांनी पाडलेली आहेत.

सानरिझुका एके काळी सम्राटाच्या घोड्यांसाठी आणि चेरीच्या फुलांसाठी प्रसिद्ध होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर राजघराण्याच्या या कुरणाचा काही भाग भूमिहीनांना कसायला मिळाला. मांचुरियातून परतलेली, युद्धात सर्वस्व गमावलेली माणसं इथे आली. त्यांनी झाडांची खोडं उपटली, रान मोडलं, झोपड्यांत दिवस काढले. वीसेक वर्षांत जमीन कुठे पिकायला लागली होती.

तेवढ्यात टोकियोचा हानेदा विमानतळ अपुरा पडू लागला. नव्या विमानतळासाठी सरकारने आधी शेजारचं तोमिसातो निवडलं. तिथे लोक खवळले. मग आकार निम्म्यावर आणून बोट सानरिझुकाकडे वळवलं गेलं. हिशेब सरळ होता : कुरण सरकारी, आणि उरलेले शेतकरी गरीब. पैसे पाहून विकतील. 4 जुलै 1966 रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेऊन टाकला. ज्यांच्या शेतातून धावपट्टी जायची होती, त्यांना कोणी विचारलं नाही. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या एका गोष्टीत आहे, असं माझं मत आहे. मोबदल्याचा प्रश्न नंतरचा.

विरोधी संघटनेचे अध्यक्ष तोमुरा इस्साकु शेतकरी नव्हते. घरचा धंदा शेतीच्या अवजारांचा, धर्माने ख्रिस्ती, आणि हाताने शिल्पकार. गावात धोका आला की रिकामी पिंपं बडवायची आणि सगळ्यांनी शिवार गाठायचं, असा शिरस्ता पडला. बायकांनी स्वतःला झाडांना साखळ्यांनी बांधून घेतलं, लोक जमिनीखाली बोगदे खणून त्यात राहिले. आणखी एक युक्ती कायद्याची होती. शेताचे एकेक ‘त्सुबो’चे हिस्से करून ते देशभरच्या समर्थकांच्या नावावर करायचे. एक त्सुबो म्हणजे साधारण 3.3 चौरस मीटर. आपल्या एका गुंठ्यात तीसेक त्सुबो बसतील. सातबारावर शंभर नावं असली की काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

विद्यार्थी संघटना मदतीला आल्या आणि लढ्याला वेगळीच धार चढली. 16 सप्टेंबर 1971 रोजी, सक्तीच्या भूसंपादनाच्या वेळी, तोहो चौकात तीन पोलीस मारले गेले. या लढ्याचे गोडवे गाणारे ही तारीख हळूच वगळतात. चारच दिवसांनी ओकि योने या एकट्या राहणाऱ्या वृद्धेचं घर पाडलं गेलं, आणि सरकारचे गोडवे गाणारे ते वगळतात. ओगावा शिन्सुके या चित्रपटकाराने आपल्या चमूसह इथेच मुक्काम ठोकून माहितीपटांची मालिका केली.

30 मार्च 1978 ही उद्घाटनाची तारीख ठरली. चार दिवस आधी काही आंदोलक सांडपाण्याच्या भुयारातून आत शिरले, नियंत्रण मनोऱ्यावर चढले आणि यंत्रसामग्री फोडली. उद्घाटन 20 मेपर्यंत लांबलं. विमानतळ सुरू झाला तो तीनऐवजी एकाच धावपट्टीवर. इंधनाची वाहिनी रखडली होती, म्हणून विमानांचं इंधन 1983 पर्यंत मालगाडीने येत होतं!

त्याच वर्षी आंदोलनातही फूट पडली. पण सरकारही थकलं होतं. 1991 पासून दोन्ही बाजू जाहीर चर्चेला बसल्या. दुसऱ्या धावपट्टीसाठी सक्तीने जमीन घेणार नाही, हे सरकारने कबूल केलं आणि 1995 मध्ये माफी मागितली. म्हणूनच ही दुसरी धावपट्टी अशी विचित्र आहे. ती 2002 मध्ये, फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर, सुरू झाली ती 2,180 मीटरच. ठरलेली लांबी 2,500. दक्षिणेकडे शेतकरी हटेनात, म्हणून ती उत्तरेला सरकवावी लागली. पूर्ण लांबी 2009 मध्ये मिळाली, तीही उत्तरेकडेच वाढवून. तिच्या शेजारचा टॅक्सीवे एका शेताला वळसा घालून वाकडा गेला. धावपट्टीच्या दक्षिण टोकाशी तोहोचं छोटं देऊळ आहे. दोन्ही बाजूंना उंच कुंपण, मधून अरुंद वाट, आणि डोक्यावरून उतरणारी विमानं.

आता तिसरी धावपट्टी येते आहे : 3,500 मीटरची. दुसरीही तेवढीच लांब होणार, आणि विमानतळाचं क्षेत्र जवळपास दुप्पट. 2018 मध्ये केंद्र, प्रांत, आसपासच्या नगरपालिका आणि विमानतळ कंपनी यांनी मिळून त्यावर सह्या केल्या. रात्री किती वाजेपर्यंत विमानं उडतील आणि कोणत्या घराला किती तास शांतता मिळेल, याचे तास त्यात मोजूनमापून ठरले. 1966 मध्ये एक बैठकही न घेणाऱ्यांनी हे शिकायला अर्धं शतक घेतलं. विरोध मात्र पुरता संपलेला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये टॅक्सीवेजवळच्या एका शेतावरचे आंदोलकांचे मनोरे न्यायालयाच्या आदेशाने हटवले, तेव्हाही झटापट झालीच.

हे सगळं पाहायचं तर शेजारच्या शिबायामा गावात जावं. तिथे विमानविज्ञानाच्या संग्रहालयालगत 2011 पासून या संघर्षाचं संग्रहालय आहे. आंदोलकांची हेल्मेटं तिथे मांडलेली आहेत, आणि कथा दोन्ही बाजूंची आहे. जायला शिबायामा रेल्वे : जेमतेम 2.2 किलोमीटरची, विमानतळाच्या पोटातून जाणारी. विमानतळाने गावाचा रस्ता तोडला, त्याची भरपाई म्हणून ती 2002 मध्ये मिळाली. ती पुढे कुजूकुरीच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत न्यावी, अशी शिबायामाची मागणी आहे. विस्ताराला एवढा विरोध झालेल्या या मुलखात हा एक विस्तार मात्र लोकांनाच हवा आहे, आणि तो काही होत नाही.