चाक फिरवणारा उंदीर

ऑगस्टमध्ये रिठदच्या शेतकऱ्याचा सगळा पैसा मातीत असतो आणि खिशात काही नसतं. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, सगळं देऊन झालेलं. सोयाबीन फुलावर आलेलं. आता पावसाने खंड दिला तर? पिवळा मोझॅक आला तर? आणि हे सगळं निभावून माल बाजार समितीत नेला, तर भाव काय मिळेल? रिसोड तालुक्यातल्या या गावालाच नव्हे, सगळ्या वाशिम जिल्ह्याला हा महिना असा जातो. ‘काही सुचत नाही’ असं माणसं म्हणतात, आणि ऐकणारा ते बोलण्याची एक पद्धत म्हणून सोडून देतो.

पण हे ‘न सुचणं’ मोजता येतं. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना काही संशोधकांनी एकाच हंगामात दोनदा गाठलं: तोडणीच्या आधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर. दोन्ही वेळा बुद्धीला ताण देणारी कोडी सोडवायला दिली. तोच माणूस, तेच डोकं, पण पैसे आल्यावर निकाल स्पष्टपणे सुधारला. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये हा अभ्यास छापून आला. तंगी डोक्यातली जागा खाते, आणि निर्णय घ्यायचा त्याच वेळी खाते.

तरीही दुबार पेरणी करायला माणूस उठतोच. एक उठतो, शेजारचा तितक्याच नुकसानीत बसून राहतो. असं का, याचा शोध घेताना मानसशास्त्र स्वतःच एकदा उलटं पडलं. ती कथा मला फार आवडते.

१९६७. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. (आज असा प्रयोग करायला परवानगी मिळणं अवघड, आणि ते बरंच आहे.) एका कुत्र्याला विजेचे झटके बसत, पण त्याने डोक्याने एक फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्याला अगदी तितकेच, त्याच वेळी, तेवढाच वेळ झटके. मात्र त्याने काहीही केलं तरी फरक पडत नसे. दुसऱ्या दिवशी दोघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्याने उडी मारली. दुसऱ्या प्रकारातले बरेच कुत्रे तिथेच पडून राहिले, कण्हत. दोघांनी सोसलेलं दुःख मात्र सारखंच होतं. या प्राण्यांनी हतबलता ‘शिकून घेतली’, असा निष्कर्ष निघाला आणि पुढची पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकांत तो तसाच छापला गेला.

मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळला. आता उंदीर होते आणि एक छोटं चाक. चाक फिरवलं की शेपटीला बसणारा झटका थांबे. मेंदूच्या आत डोकावल्यावर जे दिसलं, त्याने त्याची स्वतःचीच उपपत्ती डोक्यावर उभी केली. दीर्घ त्रास झाला की मेंदूच्या तळाकडचा पेशींचा एक पुंजका आपोआप जागा होतो आणि प्राण्याला गप्प बसवतो. त्यासाठी काही शिकावं लागत नाही; गोठून जाणं ही उपजत चाल आहे. शिकावं लागतं ते उलटं. ‘मी काही केलं आणि फरक पडला’ हे मेंदूच्या पुढच्या भागाला कळतं, आणि मग तो त्या पुंजक्याला आवर घालतो. २०१६ साली मायर आणि सेलिगमन यांनी मिळून हे लिहिलं: आम्ही जे शिकलेलं समजत होतो ते मुळातलं होतं, आणि जे मुळातलं समजत होतो ते शिकलेलं.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ज्या उंदराला एकदा चाक फिरवता आलं, त्याला नंतर अजिबात न थांबवता येणारे झटके दिले तरी तो कोलमडत नाही. वाढत्या वयात मिळालेला असा अनुभव मोठेपणीही त्याला सांभाळतो.

तत्त्वज्ञांनी हे मेंदू न उघडता कसं गाठलं? रोमन साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा एक लंगडा गुलाम होऊन गेला. पुढे मुक्त झाला, शिक्षक झाला. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे आधी वेगळं करा, ही त्याच्या शिकवणीची सुरुवात. विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याच धाग्यावर उपचारपद्धती उभी केली: घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त छळतो. हा एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरत असे. म्हणून त्याने न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर शंभर अनोळखी बायकांशी बोलून पाहिलं. एकीनेच भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही, आणि भीती गेली! ठाण्यात १९९० साली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी एलिसचा हा विचार संतसाहित्याशी आणि वेदान्ताशी जोडून मराठीत मांडत आले आहेत.

संतांकडे जायचं तर तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग मला या चाकाजवळचा वाटतो. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला. पाऊस त्यांच्या हातात नव्हता. लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतपत्रं होती. चरित्रकार सांगतात की त्यांनी निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. हे केवळ वैराग्य होतं असं मला वाटत नाही. सर्वस्व गेलेल्या माणसाने स्वतः केलेली ती एक ठोस कृती होती.

इथे एक धोका आहे. ‘मन खंबीर ठेवा’ हा उपदेश फुकट असतो, म्हणून तो वाटायला सगळ्यांना आवडतो. पण प्रयोग काय सांगतो? खंबीर उंदराच्या पिंजऱ्यात चाक होतं, आणि ते फिरवल्यावर झटका खरंच थांबत होता. पीकविम्याची भरपाई वेळेवर मिळणं, हमीभावाने खरेदी खरोखर सुरू असणं, बँकेने हंगामाआधी कर्ज देणं, ही ती चाकं. ती गंजलेली ठेवून शेतकऱ्याला विचार बदलायला सांगणं हे एलिसच्या नावावर खपवू नये.

आणि तरीही मनावरचा उपचार लागतोच, कारण चाक समोर असूनही हात उठत नाही अशी अवस्था खरी असते. गोव्यात नैराश्याच्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. ‘मन लागलं की काम करू’ याऐवजी ‘छोटं काम आधी, मन मागून येईल’ असा त्यांचा क्रम. आज गोठा झाडायचा, उद्या मित्राकडे जायचं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं.

विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात वाशिमही आहे. आशाताई घरोघरी जाऊन झोप, भूक, उमेद यांबद्दल विचारतात आणि गरज दिसली तर पुढे पाठवतात. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा असाच प्रकल्प झाला. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण मदत घेत होते. प्रकल्पानंतर ते २७ झाले. ही सहापटीहून जास्त वाढ आहे, आणि उरलेले ७३ अजूनही घरातच होते.