उसनं यकृत

अ‍ॅसिडिटी म्हटलं की रॅनिटिडीन, हे समीकरण आपल्याकडे कित्येक वर्षं पक्कं होतं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सगळ्या उत्पादकांना हे औषध बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. २०२२ मध्ये ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही गेलं. त्याआधी, २०१८ मध्ये, रक्तदाबावरच्या वलसार्टनच्या गोळ्या अशाच परत मागवल्या गेल्या होत्या. दोन्हीकडे आरोपी एकच: एनडीएमए हा नायट्रोसमाइन वर्गातला पदार्थ. वलसार्टनमध्ये तो कारखान्यातल्या बदललेल्या प्रक्रियेमुळे आला, तर रॅनिटिडीनचा रेणू साठवणीत, विशेषतः उष्म्यात, हळूहळू मोडतो आणि त्यातून तो तयार होतो. औषधातून पोटात जाणाऱ्या एनडीएमएची मर्यादा आहे दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे एक कोटी भाग केले, तर त्यातला एक भागसुद्धा या मर्यादेपेक्षा किंचित जास्तच भरेल.

गंमत अशी की, एनडीएमए स्वतः डीएनएच्या वाट्याला जात नाही. यकृतातलं एक विकर त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्या भानगडीत एक अतिशय चळवळा तुकडा तयार होतो. तो डीएनएतल्या ग्वानिनला मिथाइल गट चिकटवतो. पुढच्या वेळी डीएनएची नक्कल होताना असं ग्वानिन सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी जमवतं, आणि चूक कायमची होऊन बसते. म्हणजे ज्या चाचणीत यकृतच नाही, ती एनडीएमएला बिनदिक्कत क्लीन चिट देईल.

ही अडचण बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ओळखली होती. जनुकीय विषाक्तता तपासायला जगभर आजही सर्वांत आधी केली जाते ती त्यांचीच चाचणी. तिच्यात साल्मोनेलाचे असे वाण वापरतात, ज्यांना हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवता येत नाही, कारण ते बनवणारं जनुक आधीच बिघडलेलं असतं. हिस्टिडीन जेमतेम असलेल्या प्लेटवर असे कोट्यवधी जिवाणू पसरले की ते थोडे वाढून थांबतात. मात्र एखाद्याच्या त्याच जनुकात पुन्हा बदल होऊन बिघाड दुरुस्त झाला, तर तो वाढत राहतो आणि दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल असा ठिपका उमटतो. काही ठिपके आपोआपही येतात. संशयित रसायन घातल्यावर ते दुप्पट-तिप्पट झाले आणि मात्रेबरोबर वाढत गेले, तर ते रसायन डीएनएत ढवळाढवळ करतं हे उघड होतं. जिवाणू जास्त हळवा व्हावा म्हणून एम्स यांनी त्याची डीएनए-दुरुस्तीची एक यंत्रणा काढून घेतली आणि त्याचं बाह्य आवरणही झिरपतं केलं.

राहिलं यकृत. जिवाणूला ते नसतं, म्हणून त्याला उंदराचं उसनं दिलं. यकृत वाटायचं, गुरुत्वाकर्षणाच्या नऊ हजार पट जोराने फिरवायचं, गाळ टाकून वरचा द्रव घ्यायचा आणि जिवाणूंसोबत प्लेटवर ओतायचा. १९७३ मध्ये हे जाहीर झालं आणि जी रसायनं तोवर निरुपद्रवी भासत होती, त्यातली अनेक उघडी पडली.

१९७७ मध्ये एम्स आणि आर्लीन ब्लम यांनी अमेरिकेतल्या मुलांच्या रात्रीच्या कपड्यांकडे बोट दाखवलं. (याच ब्लमबाईंनी पुढच्या वर्षी महिलांच्या अन्नपूर्णा मोहिमेचं नेतृत्व केलं.) कपडे पेटू नयेत म्हणून त्यांत ट्रिस नावाचं रसायन भरत, आणि ते या चाचणीत उत्परिवर्तक, म्हणजे डीएनएत बदल घडवणारं, ठरलं होतं. काही महिन्यांतच त्यावर बंदी आली. आपल्याकडे परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तंबाखू भाजून केलेल्या मशेरीचा अर्क साल्मोनेलावर तपासला. तोही उत्परिवर्तक निघाला. घरोघरी बायका दात घासायला वापरत ती ही मशेरी, आणि अजूनही ती हद्दपार झालेली नाही.

या यशाने लोक जरा जास्तच हुरळले, असं माझं मत आहे. कर्करोगकारक म्हणजे उत्परिवर्तक, असं सोपं सूत्र रूढ झालं. १९८७ मध्ये अमेरिकेत ७३ रसायनांची पडताळणी झाली, तेव्हा उंदीरवर्गीय प्राण्यांत कर्करोग करणाऱ्यांपैकी निम्मीसुद्धा एम्स चाचणीत सापडली नव्हती. उलट कांद्यातलं क्वेर्सेटिन या चाचणीत दोषी ठरतं, म्हणून कुणी कांदा सोडलेला नाही.

त्यामुळे नव्या औषधासाठी एकट्या जिवाणूवर भिस्त ठेवत नाहीत. मला सर्वांत देखणी वाटते ती अस्थिमज्जेतली सूक्ष्मकेंद्रक चाचणी. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. पण गुणसूत्राचा तुकडा पडला असेल, तर तो मागेच राहतो. उंदराला औषध देऊन मग सूक्ष्मदर्शकाखाली अशा हजारो रिकाम्या पेशी पाहायच्या आणि किती पेशींत तो तुकडा राहिला आहे ते मोजायचं. इथे यकृत उसनं नाही, त्याच प्राण्याचं आहे.

नायट्रोसमाइनच्या प्रकरणाने मात्र उसन्या यकृताचा प्रश्न पुन्हा उकरला. नेहमीच्या पद्धतीत, उंदराच्या यकृतासह, एनडीएमए जेमतेमच पकडला जातो. हॅमस्टरचं यकृत घेतलं आणि प्लेटवर ओतण्याआधी सगळं मिश्रण अर्धा तास एकत्र ठेवलं, की तो ठळक दिसतो. म्हणून आता नायट्रोसमाइनसाठी उंदीर आणि हॅमस्टर दोघांच्या यकृताचा अर्क, तोही नेहमीपेक्षा जास्त, ३० टक्के प्रमाणात वापरायला नियामक सांगतात. युरोपच्या नियमांनुसार सर्वांत घातक गटात टाकलेल्या नायट्रोसमाइनला दिवसाला १८ नॅनोग्रॅम एवढीच मुभा असते. या कडक चाचणीत तो निर्दोष ठरला, तर तीच मुभा १५०० नॅनोग्रॅमवर जाते. औषधाचा एखादा बॅच विकायचा की नष्ट करायचा, हे कधी कधी हॅमस्टरच्या यकृताच्या त्या अर्ध्या तासावर ठरतं.