नेट चालतंय, पण पत्ता कोणाचा?

वायफायला फुल रेंज आहे, रील्स पळतायत. पण प्रोजेक्टसाठी हवा असलेला रिसर्च पेपर उघडला, की साइट पैसे मागते. कॉलेजने तर त्या जर्नलचं सबस्क्रिप्शन घेतलंय! मग अडतंय कुठे? कधी कधी उत्तर राउटरमध्ये सापडतं.

अशा बऱ्याच साइट्स तुम्हाला नावाने नाही, तर आयपी पत्त्याने ओळखतात. कॉलेजने कळवलेल्या पत्त्यावरून आलात तर दार उघडं, नाहीतर बंद.

समजा, निमगाव सावातल्या एखाद्या कॉलेजकडे २०३.०.११३.१० ते १३ असे चार पब्लिक आयपी आहेत. (हे आकडे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, कोणाचे खरे पत्ते नाहीत.) जर्नलवाल्यांना कळवलाय १२ नंबरचा. आतल्या मोबाइल-कॉम्प्युटरना मात्र १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात. ते बाहेर चालत नाहीत, म्हणून राउटर जाता जाता पत्ता बदलतो. यालाच ‘नॅट’ म्हणतात. पण चारपैकी कोणता पत्ता लावायचा? तुम्ही सांगितलं नाही, तर तो सहसा बाहेरच्या लाइनचा मुख्य पत्ता, म्हणजे आपल्या उदाहरणात १०, सगळ्यांना लावून मोकळा होतो. १२ पडून राहतो आणि तुमचा पेपर अडतो.

द्राक्ष बागायतदाराच्या घरातल्या मुलांना हे पटकन कळेल. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ पासून ‘ग्रेपनेट’ आहे. माल कोणत्या प्लॉटचा, हे त्यावरून कळतं. सगळ्या पेट्यांवर एकाच प्लॉटचा नंबर टाकला आणि एका पेटीत औषधाचा जास्त अंश निघाला, तर भलत्याच बागेवर ठपका. इथेही तसंच. होस्टेलमधल्या एका व्हायरसवाल्या लॅपटॉपने स्पॅम पाठवला, की तो आयपी ब्लॉकलिस्टमध्ये जातो. त्याच आयपीवर परीक्षा विभागाचा मेल सर्व्हर असेल, तर त्याचे मेलही परत येऊ लागतात.

उपाय अवघड नाही. राउटरमध्ये ‘मास्करेड’ नावाचा नियम असतो. तो पत्ता स्वतःच निवडतो. त्याऐवजी ‘सोर्स नॅट’ वापरा आणि स्पष्ट सांगा: लायब्ररी १२ वरून, होस्टेल ११ वरून, मेल सर्व्हर १३ वरून. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळलेला लागू होतो. म्हणून हे खास नियम वर, सरसकट नियम सगळ्यात खाली. राउटर स्वतः बाहेर बोलतो तेव्हाचा पत्ता मात्र रूटमधल्या ‘प्रेफर्ड सोर्स’ने ठरतो.

दोन कंपन्यांच्या लाइन असतील तर आणखी एक काळजी घ्या. एकीचा पत्ता लावून दुसरीच्या लाइनने पॅकेट पाठवलं, तर ते वाटेतच टाकून दिलं जाऊ शकतं. खोटे पत्ते रोखण्यासाठी असं गाळण लावा, ही शिफारस २००० सालापासून आहे. तेव्हा ज्याचा पत्ता, त्याचीच लाइन.

आज एवढंच करा: लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर आणि होस्टेलच्या वायफायवर ‘व्हॉट इज माय आयपी’ सर्च करा. दोन्हीकडे एकच आकडा दिसला, तर लॅबच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, ‘जर्नलला आपण कोणता पत्ता कळवलाय?’ या एका प्रश्नाने अख्ख्या वर्गाचे पेपर उघडू शकतात.