उत्क्रांतीवरची जुनी पुस्तकं आज वाचावीत का?

माझं उत्तर: जरूर! तपशील बदलतात, गाभा टिकतो.

डार्विनचा ग्रंथ १८५९ चा, डॉकिन्सचं ‘द सेल्फिश जीन’ १९७६ चं. त्यांतली नैसर्गिक निवड आपल्या यवतमाळच्या कपाशीत दिसते. २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी कपाशी आली. तिचं विष पचवणाऱ्या मोजक्या बोंडअळ्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीने जिल्ह्यात कहर केला. न उमललेली डोमकळी हाताने उघडली की आत अळी! पूर्वी बियाण्यासोबत वेगळी नॉन-बीटी पुडी यायची, ती पेरायची याचसाठी: साध्या अळ्याही टिकल्या, तर प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो.

आता चुका. गूल्डच्या ‘वंडरफुल लाइफ’मध्ये (१९८९) हॅलुसिजेनिया हा प्राचीन जीव काट्यांवर उभा आहे, १९९१ मध्ये कळलं, काटे पाठीवर होते. निअँडरथलांचा अंश आजच्या माणसांत आहे, हे २०१० मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. त्याआधीच्या पुस्तकांत ते कुठून येणार?

म्हणून जुनं पुस्तक हाती घेतलं की आधी प्रकाशनाचं साल बघा आणि जोडीला एक नवं पुस्तक ठेवा. दोन्ही वाचा, मुलांनाही वाचायला द्या.