थंडीच्या दिवसांत पाण्यांत काम करणारांच्या पायांची निगा

रब्बीच्या पिकांची निगा कशी राखावी, यासंबंधीं शेतकी मासिकांतून वेळोवेळीं लिहिण्यांत येतें. परंतु ज्या पायांवर उभा राहून शेतकरी त्या पिकांस पाणी देतो, त्या पायांची निगा कशी राखावी, याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. बैलाच्या खुरांची आपण जितकी काळजी घेतों, तितकी स्वतःच्या पावलांची घेत नाहीं, ही गोष्ट बहुतेकांस मान्य करावी लागेल.

गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत झाली म्हणजे मुकुटमुळें फुटण्याच्या वेळचें पाणी १८ ते २१ दिवसांनीं द्यावें लागतें, आणि पुढील पाळ्या डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत येतात. म्हणजे वर्षांतील अत्यंत थंड रात्री आणि गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या यांची गांठ पडते. त्यांत ज्या गांवीं शेतीपंपांस वीज अद्याप रात्रीच्या पाळीनें मिळते, तेथें मध्यरात्रीं उठून पहांटेपर्यंत दारें धरणें शेतकऱ्यास चुकत नाहीं. नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या बाजूस तर कांहीं हिंवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो. शेततळ्यांत मासे पाळणारांची स्थितिही अशीच आहे. मासळी ताजी बाजारांत जावी म्हणून जाळें ओढण्याचें काम ऊन वर येण्यापूर्वीं उरकावें लागतें, आणि तेवढा वेळ ओढणारांचे पाय गार पाण्यांत असतात.

पाय थंड कां पडतात, त्यापासून अपाय कोणता होतो, आणि तो टाळण्याचे उपाय कोणते, या तीन गोष्टी आम्ही येथें क्रमानें सांगणार आहों.

पाय थंड कां पडतात?

पावलांत स्वतःची अशी उष्णता फार थोडी उत्पन्न होते. हाडें, कंडरा व कातडी यांचाच तेथें भरणा असून पावलास हलविणारे मोठे स्नायु पोटरींत असतात. म्हणून पावलास लागणारी ऊब रक्ताबरोबर वरून यावी लागते. शरीराचा मध्यभाग थंड पडूं लागला कीं हृदय, फुप्फुसें इत्यादि मर्मस्थानें गरम राखण्यासाठीं हातापायांच्या बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. विहिरीचें पाणी कमी पडलें म्हणजे शेवटच्या वाफ्यांचीं दारें आपण आधीं बंद करतों, तसाच हा प्रकार आहे. अंगावर पातळ सदरा घालून पायांत कितीही चांगले मोजे घातले, तरी बोटें गारच राहतात, याचें कारण हेंच होय.

दुसरें कारण पाणी. हवेपेक्षां पाण्यांतून उष्णता सुमारें २४ पट वेगानें वाहून जाते. त्याशिवाय ओली कातडी वाऱ्यावर वाळूं लागली कीं १ ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. तेवढ्या उष्णतेनें ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनीं तापलें असतें. विहिरीचें पाणी हिंवाळ्यांत हातास कोमट लागतें, कारण जमिनीच्या पोटांतील उष्णतामान वर्षभर फारसें बदलत नाहीं. पण तेंच पाणी उघड्या पाटानें लांब वाहत गेलें कीं गार होतें, आणि कालव्याचें व तळ्याचें पाणी तर मुळांतच गार असतें. पंपाच्या तोंडाशीं पाण्यांत उभ्या असलेल्या माणसास थंडी वाजत नाहीं, व तोच बांधावर येऊन उभा राहिला कीं कुडकुडूं लागतो, हा अनुभव सर्वांस आहे. पायाचा खरा वैरी पाण्याबरोबरच बाहेर आल्यानंतरची ओल व वारा हा होय.

तिसरें कारण आवळणें. पाय गरम राहावे म्हणून एकावर एक दोन मोजे घालून बुटांत पाय कोंबला, तर रक्ताचा मार्ग दाबला जातो व मोज्यांतील हवाही निघून जाते. ऊब धरून ठेवणारी वस्तु मुख्यतः ही कोंडलेली हवाच असल्यामुळें घट्ट बुटांतील दोन मोज्यांपेक्षां सैल बुटांतील एक मोजा अधिक उबदार होतो.

अपाय कोणता?

पाय बधिर झाले म्हणजे चालतांना काटा रुतलेला, खोऱ्याचा फटका बसलेला किंवा दगडानें कातडें सोललेलें कळत नाहीं. जखम दुसऱ्या दिवशीं दिसते, व तोंवर तींत शेताचा चिखल भरलेला असतो. पाटाच्या कडेस उंदरांच्या मागें सर्पही येतात. अनवाणी व बधिर पायानें अंधारांत फिरणें हें दुहेरी संकट आहे. नित्य ओल्या राहणाऱ्या पायांस बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टांचांस भेगा पडतात, आणि कांहींच्या बोटांवर लालजांभळी, खाजणारी सूज येते.

याच विकाराचें उग्र रूप युद्धांत दिसून आलें. १९१४–१५ च्या हिंवाळ्यांत फ्रान्स व फ्लँडर्समधील खंदकांत शिपाई दिवसेंदिवस गुडघाभर चिखलपाण्यांत उभे होते. त्यांच्यांत आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही होत्या. त्या एका हिंवाळ्यांत ब्रिटिश सैन्यांतील सुमारें २०,००० शिपाई पायांच्या या विकारानें आजारी पडले. पाय प्रथम पांढरे व बधिर, मग सुजलेले व लाल, आणि पुढें फोड येऊन सडूं लागत. कित्येकांचे पाय कापावे लागले. या विकारास ‘ट्रेंच फूट’ म्हणजे खंदकांतला पाय असें नांव पडलें. यास बर्फ लागत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पाणी गोठण्याच्या बिंदूच्या बरेंच वर, १० ते १५ अंशांवरही, पाय दीर्घकाळ ओले राहिल्यास हा विकार होऊं शकतो. त्यावर सैन्यानें योजलेला उपाय अगदीं साधा होता. प्रत्येकानें रोज बूट काढावे, पाय धुऊन कोरडे करावे, मोजे बदलावे, आणि अधिकाऱ्यांनीं स्वतः पाय तपासावे, असा दंडक घालण्यांत आला. पायांस देवमाशाचें तेलही चोळीत. या शिस्तीनें पुढें हा विकार पुष्कळ आटोक्यांत आला.

आमच्या शेतकऱ्यास एका रात्रीच्या पाळींत इतका उग्र विकार होण्याचें भय थोडें. परंतु पाळ्या लागोपाठ आल्या, बूट रात्रंदिवस ओलेच राहिले, आणि त्यांत मधुमेह असला, तर लहानशा जखमेचें मोठें दुखणें होण्यास वेळ लागत नाहीं. मधुमेह असणारांच्या पायांस आधींच जाण कमी असते. अशा माणसानें थंडींत अनवाणी दारें धरूं नयेत, असें आम्ही स्पष्ट सांगतों.

उपाय

१. प्रथम अंग झांकावें. पोटभर खाऊन निघावें; डोकें, कान, छाती व कंबर नीट झांकावीं, आणि गुडघ्यापासून खालचा भाग उघडा टाकूं नये. पोटरींतून खालीं जाणारें रक्त तेथेंच थंड झालें, तर पावलास ऊब कोठून मिळणार?

२. गमबूट घ्यावे ते नेहमींच्या मापाहून एक माप मोठे. मोजा घालून उभें राहिल्यावर बोटें आंत मोकळेपणीं हलली पाहिजेत. रबर पाणी अडवितें, पण ऊब धरीत नाहीं. ती मोज्यानेंच मिळते.

३. मोजे लोंकरीचे असावे. सुती मोजा भिजला कीं चिकटून बसतो व ऊब देत नाहीं. लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें एक तृतीयांश ओलावा शोषून घेते, तरी ती स्पर्शास तितकी ओली लागत नाहीं. एक कोरडा जोड पिशवींत घालून बरोबर न्यावा, आणि अर्ध्या पाळीनंतर पाय पुसून मोजे बदलावे. सर्व उपायांत हा एक स्वस्त व सर्वांत गुणकारी आहे.

४. तळव्याखालीं जाड आस्तर घालावें. बुटाच्या तळांतून थंड जमीन ऊब ओढून घेते. धनगरी घोंगडीच्या जुन्या तुकड्यांतून पावलाच्या मापाचे तळ कापून घातल्यास काम उत्तम होतें. मात्र त्यामुळें बूट घट्ट होत नाहीं ना, हें पाहावें. नॉर्वे व स्वीडन यांच्या उत्तर भागांत राहणारे सामी लोक बुटांत वाळलेलें मऊ गवत भरीत असत. तें ओलावा शोषी व हवा धरून ठेवी. प्रत्येक वेळीं तळ बाहेर काढून वाळविले पाहिजेत, हें सांगणें नको.

५. गमबूट नसल्यास पातळ मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर लोंकरीचा मोजा आणि मग सैल जोडा, अशी योजना करतां येते. पिशवीमुळें घामानें लोंकर भिजत नाहीं. पण पिशवींत पाय स्वतःच्या घामानें ओला राहत असल्यामुळें दोन-तीन तासांहून अधिक ही योजना ठेवूं नये, व चिखल्या असलेल्यांनीं ती करूंच नये.

६. थांबावें लागेल तेथें ओल्या मातीवर उभें राहूं नये. गोठलेल्या सरोवरांवर मासे धरणारे लोक पायांखालीं फळी किंवा चटई घेतात. आपणही बांधावर फळी, पेंढा किंवा गोणपाटाची घडी टाकावी. मधून मधून टांचा उचलून पोटऱ्या हालवाव्या व थोडें चालावें. पोटरीचा स्नायु हलला कीं पायांतील रक्ताचा प्रवाह वाढतो.

७. बिडी व दारू यांच्यावर भरंवसा ठेवूं नये. तमाखूनें बोटांतील रक्तवाहिन्या आणखी आकुंचित होतात. दारूनें कातडीकडे रक्त धांवतें व गरम वाटतें. पण तें उसनें असतें, कारण त्या वाटेनें शरीरांतील उष्णता बाहेर जाते. गरम चहा किंवा दूध याहून चांगलें.

८. तेलानें ऊब येत नाहीं. मात्र पाळीपूर्वीं टांचांस व तळव्यांस खोबरेल चोळल्यास कातडें कमी फुगतें व भेगा कमी पडतात. बोटांच्या बेचक्यांत तेल भरूं नये.

शेततळ्यांतील मासे धरणारांस एक स्वतंत्र सूचना देणें अवश्य आहे. कागद अंथरलेल्या तळ्याचा उतार अत्यंत निसरडा असतो, व त्यांत गमबूट किंवा छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून घसरलेल्या माणसास वर येणें कठीण जातें. पायांची ऊब राखण्याच्या नादांत जीव धोक्यांत घालूं नये. होईल तितकें जाळें कांठावरून ओढावें. आंत उतरणें भागच असेल तर कमरेस दोर बांधून तो कांठावरील दोघांच्या हातीं द्यावा. उतरणारांची पाळी लहान ठेवून माणसें आलटून पालटून घ्यावीं.

घरीं आल्यावर

बधिर पाय एकदम शेकोटीवर धरणें, किंवा कढत पाण्यांत घालणें, ही चूक गांवोगांव होते. बधिर पायास भाजलेलें कळत नाहीं, व फोड उठल्यावरच चूक ध्यानांत येते. पाय स्वच्छ पाण्यानें धुवावे, बेचक्यांसह टिपून कोरडे करावे, कोरडे मोजे घालावे व पांघरुणांत घ्यावे. जोरानें चोळूं नये. कढत नव्हे असें कांहीं ऊन पदार्थ पिऊन आधीं अंग गरम होऊं द्यावें. मग पाय आपोआप गरम होतात. ओले बूट पालथे न टाकतां आंत जुनीं वर्तमानपत्रें चुरगाळून भरावीं, आणि एकदोन तासांनीं तीं बदलावीं. दुसऱ्या दिवशींही बधिरता राहिली, सूज आली, फोड उठले किंवा बोटांचा रंग काळपट झाला, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडे जावें. हात लावून पाहण्यापेक्षां उजेडांत डोळ्यांनीं पाय पाहण्याची रोजची संवय लावावी.

एवढें सर्व सांगूनही मुख्य गोष्ट वेगळीच आहे. पाण्यांत उभें न राहतां पाणी देतां आलें, तर त्यासारखा उपाय नाहीं. तुषारसंच व ठिबकसंच यांनीं पाण्याची बचत होते एवढेंच आजवर सांगण्यांत येतें. पण शेतकऱ्याचे पाय कोरडे राहतात, हाही त्यांचा लाभ हिशेबांत धरला पाहिजे. तसेंच दिवसा वीज मिळाली, तर रात्रीं दारें धरण्याचें कारणच उरत नाहीं. त्याच उद्देशानें महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ सालीं तिची दुसरी आवृत्ति हातीं घेतली. ज्या गांवांस अद्याप दिवसाची वीज पोंचली नाहीं, तेथील शेतकरी मंडळींनीं एकत्र येऊन तिची मागणी सोडूं नये. तोंपर्यंत निदान दोघांनीं मिळून पाळी करावी. एकानें दारें धरावीं, दुसऱ्यानें कोरड्या जागीं पाय गरम करावे, व तासातासानें बदल करावा.

गव्हास एक पाळी चुकली तर उतारा घटतो, म्हणून आपण रात्र जागतों. ती जागतांना पाय कोरडे, सैल व झांकलेले ठेवण्यास पैसा फारसा लागत नाहीं. एक जोड जास्त मोजे व थोडी शिस्त, एवढेंच पुरें. यंदाच्या पहिल्या पाण्याच्या पाळीपूर्वीं प्रत्येक घरीं ही तयारी व्हावी, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे.